अमेरिकेतल्या ट्रकांचे ईएलडी लॉग आणि ट्रॅकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून रात्रपाळीत अमेरिकन ट्रकिंग कंपन्यांचे लॉग तपासणारी मुलं-मुली, तिकडे प्रत्यक्ष ट्रक चालवणारे आपले काही लोक आणि त्यांच्या घरचे, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम अमेरिकेच्या फेडरल सरकारचे आहेत आणि मालवाहू गाड्यांचे आहेत. प्रवासी बसचे तास वेगळे असतात. कॅनडाचा प्रश्न शेवटी स्वतंत्र घेतला आहे.

१. ईएलडी म्हणजे नक्की काय? जीपीएस ट्रॅकरच ना?

नाही. ईएलडी (इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस) हे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचं सरकारमान्य रजिस्टर आहे. गाडीच्या डायग्नॉस्टिक पोर्टला एक छोटा बॉक्स लागतो, तो इंजिनाशी बोलतो आणि ब्लूटूथने किंवा वायरने ड्रायव्हरच्या टॅबलेटवर माहिती पाठवतो. इंजिन चालू आहे का, चाक फिरतंय का, किती मैल झाले, हे तो इंजिनाकडून घेतो. जीपीएस त्यात असतं, पण ‘हे कुठे घडलं’ एवढंच नोंदवण्यापुरतं.

ट्रॅकर गाडीचा माग ठेवतो, ईएलडी माणसाच्या तासांचा. बऱ्याच कंपन्या दोन्ही एकाच बॉक्समधून चालवतात, त्यामुळे ड्रायव्हरला फरक दिसत नाही. भांडणं मात्र नेमकी तिथूनच सुरू होतात (प्र. ७ पाहा).

२. जुने ड्रायव्हर त्याला ‘क्वालकॉम’ का म्हणतात?

कारण लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये उपग्रहावरून निरोप पाठवणारी पहिली मोठी यंत्रणा क्वालकॉमची होती. तिचं नाव ओम्नीट्रॅक्स. ती १९८८ साली आली आणि श्नायडर नॅशनल ही तिची पहिली मोठी गिऱ्हाईक कंपनी. डिस्पॅचरचा, म्हणजे ऑफिसातून गाड्यांना कामं देणाऱ्याचा, निरोप खरोखर उपग्रहावरून केबिनमध्ये यायचा. क्वालकॉमने तो धंदा २०१३ मध्ये विकला, पण नाव ड्रायव्हरांच्या तोंडात राहिलं.

आजच्या बहुतेक बॉक्समध्ये उपग्रहाचा संबंध फक्त जागा कळण्यापुरता आहे. माहिती जाते ती साध्या मोबाइल नेटवर्कवरून. वायोमिंगमधल्या एखाद्या ओसाड पट्ट्यात रेंज गेली की गाडी तुमच्या स्क्रीनवर गोठते, पण बॉक्स लिहीत राहतो आणि रेंज आल्यावर सगळं पाठवतो. नवीन मुलं अशा वेळी ‘गाडी थांबली’ म्हणून डिस्पॅचला मेल टाकतात. थोडा दम धरा.

३. हे सक्तीचं कधी झालं?

२०१२ च्या कायद्यात संसदेने आदेश दिला. एफएमसीएसए या फेडरल खात्याने डिसेंबर २०१५ मध्ये नियम काढला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. ज्यांच्याकडे आधीच्या पिढीची उपकरणं होती त्यांना १६ डिसेंबर २०१९ पर्यंत मुदत होती.

त्याआधीचा एक नियम २०११ मध्ये कोर्टाने रद्द केला होता. यंत्राचा वापर करून कंपनी ड्रायव्हरला छळणार नाही याची काळजी त्यात घेतली नव्हती, हे कारण. आजच्या नियमात छळाविरुद्ध वेगळी तरतूद आहे ती त्यामुळे.

४. अकरा, चौदा, सत्तर... हे आकडे काय आहेत?

सलग १० तास विश्रांती झाली की नवा दिवस सुरू. त्या दिवसात जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि ती कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आतच. एकूण ८ तास चालवून झाले की पुढे चालवण्याआधी सलग ३० मिनिटांचा खंड हवा. कंपनी आठवड्याचे सातही दिवस चालू असेल तर ८ दिवसांत ७० तास, नाहीतर ७ दिवसांत ६० तास ही कामाची मर्यादा. सलग ३४ तास सुट्टी घेतली तर हा मोठा हिशेब शून्यावर येतो.

३० मिनिटांच्या खंडाबद्दल जुनी माहिती अजून फिरते. सप्टेंबर २०२० पासून हा खंड म्हणजे पूर्ण आरामच असायला हवा असं नाही. गाडी चालवत नसलात की पुरे. डिझेल भरणं, माल उतरवून घेणं चालतं, फक्त सलग अर्धा तास हवा.

५. माझा भाऊ फोनवर सारखं म्हणतो, ‘गाडी उभी आहे पण माझे चौदा तास पळतायत.’ गाडी उभी असताना तास कसे पळतात?

रिक्षाच्या वेटिंगसारखं आहे, गाडी उभी असली तरी मीटर चालू. सकाळी ६ ला कामाला लागलात की रात्री ८ ला चौदा तास संपतात. मधे शिपरच्या (माल पाठवणाऱ्याच्या) डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या धक्क्यावर, चार तास रखडलात तरी ते परत मिळत नाहीत. ड्रायव्हरांचा खरा राग ईएलडीवर कमी आणि या गोष्टीवर जास्त असतो. कागदी लॉग होता तेव्हा डॉकवरचे तास पेन्सिलीने ‘मिटवता’ यायचे. आता येत नाहीत. म्हणजे शिपरच्या ढिलाईची किंमत ड्रायव्हरच्या खिशातून जाते आणि हे यंत्राने आणखी उघडं पाडलं, असं माझं मत आहे.

घड्याळ थांबवायचा एक कायदेशीर रस्ता आहे, स्प्लिट. दहा तासांच्या विश्रांतीचे दोन तुकडे करायचे: एक किमान ७ तासांचा, तो स्लीपर बर्थमध्येच (केबिनमधली झोपायची जागा). दुसरा किमान २ तासांचा, तो स्लीपरमध्ये किंवा ऑफ ड्यूटी. दोन्ही मिळून १० तास व्हायला हवेत. दोन्ही तुकडे चौदा तासांतून वगळले जातात.

समजा ६ ला सुरुवात केली, ११ ते २ डॉकवर तीन तास स्लीपरमध्ये काढले. आता चौदा तास रात्री ८ ऐवजी ११ ला संपतील. अट एवढीच की पुढे सात तासांचा दुसरा तुकडा पूर्ण करायचा. तो झाल्यावर पुढचा हिशेब दुपारी २ पासून मोजायचा, म्हणजे २ नंतर चालवलेले तास नव्या हिशेबात येतात. ‘झोपून उठला, अकरा तास नवे मिळाले’ असं समजून नवीन ऑडिटर इथे हमखास घसरतात.

डॉकवर थांबलेला वेळ ऑफ ड्यूटी लिहायचा तर ड्रायव्हरवर त्या वेळेत कसलीच जबाबदारी नसायला हवी. ‘नंबर लागला की हाक मारू, गाडीपाशीच थांब, माल मोजून घे’ असं असेल तर ते कामच आहे.

६. बॉक्स आपोआप काय लिहितो आणि ड्रायव्हरने काय लिहायचं?

गाडीचा वेग ताशी ५ मैलांपर्यंत गेला की बॉक्स स्वतःहून ‘ड्रायव्हिंग’ लावतो. त्यात कोणाचं मत विचारत नाही. गाडी सलग ५ मिनिटं उभी राहिली की तो ड्रायव्हरला विचारतो, अजून ड्रायव्हिंगच का? मिनिटभरात उत्तर आलं नाही तर ‘ऑन ड्यूटी, नॉट ड्रायव्हिंग’ लावून मोकळा होतो.

ऑफ ड्यूटी किंवा स्लीपर मात्र ड्रायव्हरनेच लावायचं. रात्री थकून गाडी लावली, बटण दाबायचं राहिलं आणि झोपला, की लॉगवर रात्रभर तो ऑन ड्यूटी दिसतो. ही चूक दुरुस्त करता येते (प्र. ८). बॉक्सला चाक फिरलं का एवढंच कळतं. का फिरलं, का थांबलं, हे माणसाने नोट टाकून सांगायचं असतं. नोट न टाकणं हेच रोजच्या कटकटींचं मूळ आहे.

७. म्हणजे कंपनीला मी प्रत्येक क्षणी कुठे आहे ते दिसतं? झोपलो असतानाही डिस्पॅचर टॅबलेट वाजवतो.

ईएलडीच्या नियमात सतत पाळत कुठेच नाही. इंजिन चालू-बंद करताना, स्टेटस बदलताना आणि चालत्या गाडीत दर ६० मिनिटांनी जागेची नोंद होते, तीही साधारण एक मैलाच्या अचूकतेने. पर्सनल कन्व्हेयन्समध्ये (गाडीचा खासगी वापर, प्र. १०) तर सुमारे १० मैलांच्या परिघापर्यंत धूसर केली जाते. वेग किंवा जोरात मारलेला ब्रेक ही माहिती सरकार मागत नाही.

पण तीच कंपनी स्वतःच्या धंद्यासाठी वेगळं ट्रॅकिंग लावू शकते, मिनिटामिनिटाचं, कॅमेऱ्यासकट. नियम त्याला अडवत नाही. ‘सरकारचा नियम आहे’ असं सांगून कोणी केबिनमध्ये ड्रायव्हरकडे तोंड केलेला कॅमेरा लावत असेल तर ते खरं नाही. तो कंपनीचा निर्णय आहे.

झोपेचं म्हणाल तर ड्रायव्हर स्लीपरमध्ये असताना उपकरणाचा आवाज त्याला बंद करता यायला हवा किंवा आपोआप बंद व्हायला हवा, हे उपकरणाच्या नियमांतच लिहिलंय. आणि तास संपलेत किंवा दमलाय हे ईएलडीवर दिसत असताना कंपनीने त्याला चालवायला लावलं, तर तो छळ ठरतो. ड्रायव्हर ९० दिवसांच्या आत एफएमसीएसएकडे लेखी तक्रार करू शकतो. पुण्यातून मेसेज टाकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: तुम्ही पाठवलेला ‘जरा ताणून ये’ हा मेसेज उद्या पुरावा होतो.

८. ड्रायव्हर म्हणतो, ‘भाऊ, एक तास ड्रायव्हिंग काढून टाक.’ काढता येतं का?

नाही. बॉक्सने आपोआप नोंदवलेला ड्रायव्हिंगचा वेळ कमी करता येत नाही आणि त्याचं ऑफ ड्यूटीही करता येत नाही. बाकीच्या नोंदी बदलता येतात: ऑन ड्यूटीचं स्लीपर करणं, राहिलेली प्री-ट्रिप तपासणी घालणं, ट्रेलर नंबर दुरुस्त करणं. प्रत्येक बदलाला कारणाची नोट लागते, मूळ नोंद खाली तशीच जपली जाते आणि तुम्ही ऑफिसातून केलेला बदल ड्रायव्हरने मान्य केल्याशिवाय लागू होत नाही.

एक अपवाद जोडीने चालवणाऱ्यांचा. दोघंही त्याच ईएलडीवर लॉग-इन असतील आणि ड्रायव्हिंग चुकून दुसऱ्याच्या नावावर पडलं असेल, तर ते योग्य माणसाकडे वळवता येतं. दोघांनीही मान्यता द्यायची.

आता न लिहिलेल्या गोष्टीबद्दल. काही ठिकाणी बॅक-ऑफिसमधून मागच्या दाराने ड्रायव्हिंग ‘सरकवून’ दिलं जातं, किंवा अस्तित्वात नसलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावाने अकाउंट उघडून त्याच्यावर तास टाकले जातात. नव्या मुलाला हे ‘लॉग फिक्सिंग’ म्हणून साधं टेक्निकल काम असल्यासारखं शिकवतात. तो खोटा सरकारी रेकॉर्ड आहे. टोलची पावती, डिझेलचं बिल, माल उचलल्याची वेळ यांच्याशी लॉग ताडला की तो उघडा पडतो, आणि अपघात झाला तर वकील सर्वात आधी हेच ताडून पाहतात. सतरा तास जागा असलेला माणूस ३६ टन वजन घेऊन हायवेवर आहे आणि ते तुमच्या क्लिकमुळे आहे, असा त्याचा अर्थ. असं काम सांगितलं तर नकार द्या आणि ती सूचना लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी येतच नाही.

९. ‘अनअसाइन्ड ड्रायव्हिंग’ची यादी रोज वाढते. ती सोडून दिली तर?

कोणीही लॉग-इन नसताना गाडी हलली की ते मैल या यादीत पडतात. पुढचा ड्रायव्हर लॉग-इन झाला की उपकरण त्याला विचारतं, हे तुझे का? त्याने नाही म्हटलं तर कंपनीने ते योग्य माणसाच्या नावावर टाकायचं किंवा कोणाचंच का नाही याची नोट लिहायची: ‘मेकॅनिकने टेस्ट घेतली’, ‘वॉश बेला नेली’. नोंदी सहा महिने ठेवायच्या असतात.

दोन-तीन मैलांचे तुकडे बहुधा मेकॅनिकचे. चारशे मैलांचा तुकडा मेकॅनिकचा नसतो.

१०. पर्सनल कन्व्हेयन्स म्हणजे फुकटचे मैलच ना?

तसं समजूनच ते वापरलं जातं, म्हणून इन्स्पेक्टर आधी तिथेच बोट ठेवतो. ड्रायव्हर कामातून पूर्ण मोकळा असेल आणि फिरणं त्याच्या स्वतःसाठी असेल, तर ते मैल ऑफ ड्यूटीत धरले जातात. ट्रेलर भरलेला असला तरी चालतं. अमेरिकेत अंतराची मर्यादा नियमात नाही. कंपनी स्वतःची घालू शकते किंवा सवलत पूर्ण बंदही ठेवू शकते.

चालतं ते असं: ट्रक स्टॉपवरून जेवायला जाणं, टर्मिनलवरून घरी जाणं, शिपरकडे तास संपल्यावर जवळच्या पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जाणं. शेवटची सोय २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केली गेली, कारण शिपर रात्री गेटाबाहेर काढतात.

चालत नाही ते: जवळची मोकळी पार्किंग सोडून उद्याच्या ठिकाणाच्या दिशेने पुढची गाठणं, पुढचा लोड उचलायला रिकामा ट्रेलर नेणं, गाडी दुरुस्तीला नेणं. कसोटी दिशेची आहे. पर्सनल कन्व्हेयन्सचे मैल नेमके डिलिव्हरीच्या दिशेने जात असतील, तर ड्रायव्हरला फोन करून नोट मागा. ‘पहिली दोन पार्किंग भरलेली होती, नावं अशी’ एवढी नोट असली तर बहुतेक तपासण्या तिथेच संपतात. पार्किंगची तिकडे टंचाई आहे, इन्स्पेक्टरलाही ते माहीत असतं.

११. यार्ड मूव्ह आणि पर्सनल कन्व्हेयन्स एकच का?

नाही. यार्ड मूव्ह म्हणजे यार्डाच्या आवारात गाडी हलवणं. ते काम आहे, ऑन ड्यूटीत धरलं जातं, फक्त ड्रायव्हिंगच्या अकरा तासांत येत नाही. यार्डाच्या आतच. गाडी बंद करून चालू केली की ते सुटतं, पुन्हा लावावं लागतं.

१२. बर्फाचं वादळ आलं आणि अकरा तास रस्त्यातच संपले. मग?

निघताना माहीत नसलेलं हवामान किंवा रस्त्यावरचा अपघात असेल तर २ तास जास्त मिळतात, ड्रायव्हिंगलाही आणि चौदा तासांनाही. आदल्या रात्रीच वादळाचा इशारा आला असेल तर मिळत नाहीत. रोजचा ट्रॅफिक जॅम यात बसत नाही. शिकागोला संध्याकाळी गर्दी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रायव्हरने नोट टाकायलाच हवी.

१३. बॉक्सच बंद पडला तर गाडी उभी करायची?

नाही, कागदावर या. गाडीत किमान ८ दिवसांचे कोरे लॉग ठेवणं बंधनकारक आहे, ते यासाठीच. ड्रायव्हरने २४ तासांच्या आत कंपनीला लेखी कळवायचं, आणि चालू दिवसाचा व मागच्या ७ दिवसांचा लॉग उपकरणातून मिळत नसेल तर हाताने पुन्हा लिहायचा. कंपनीने ८ दिवसांत दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. जास्त वेळ हवा तर एफएमसीएसएकडे अर्ज.

उपकरण सरकारच्या नोंदणी यादीतूनच काढून टाकलं गेलं तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत उत्पादक स्वतःच ‘आमचं उपकरण नियमात बसतं’ असं जाहीर करतो, त्यामुळे मधूनमधून काही उपकरणं बाद होतात. अशा वेळी साधारणपणे ६० दिवसांची मुदत मिळते, तोवर कागदी लॉग. महिन्यातून एकदा ती यादी चाळत जा.

१४. पोलिसांनी थांबवलं तर काय दाखवायचं?

आजचा आणि मागच्या सात दिवसांचा लॉग. तो वेब सर्व्हिस किंवा ईमेलने पाठवायचा, किंवा यूएसबी-ब्लूटूथने द्यायचा, हे उपकरणावर ठरतं. पाठवणं जमलं नाही तर स्क्रीन दाखवायची किंवा प्रिंट. शिवाय गाडीत माहिती पाठवण्याची पद्धत आणि बिघाड झाल्यास काय करायचं याचं पत्रक असायला हवं. ऐन वेळी ड्रायव्हरचा फोन येतो तो ‘बटण कुठे आहे’ हे विचारायला, म्हणून ते पत्रक तुमच्याही डेस्कवर असू द्या.

तास ओलांडलेले किंवा लॉग खोटा निघाला तर गाडी बहुधा दहा तास जागेवर उभी केली जाते.

१५. ईएलडी कोणाला लागत नाही?

- ज्या गाडीचं इंजिन २००० सालाच्या आधीचं आहे. गाडीचं नव्हे, इंजिनाचं साल पाहा.
- जी गाडी चालवत नेली जातेय तीच माल असेल तर, म्हणजे विकलेला ट्रक पोचवणं.
- १५० एअर मैलांच्या आत (सरळ रेषेत सुमारे २७८ किलोमीटर) राहून १४ तासांत मूळ ठिकाणी परतणारे. त्यांना साधी वेळेची नोंद पुरते.
- ३० दिवसांत ८ किंवा त्याहून कमी दिवस लॉग लागणारे.

शेवटचे दोन मिळून एक गंमत होते. जवळपास फिरणारा ड्रायव्हर एखाद्या दिवशी हद्द ओलांडतो, त्या दिवशी त्याने कागदी लॉग भरायचा. असे दिवस ३० पैकी ८ च्या वर गेले की ईएलडी. शेतमाल आणि जनावरं नेणाऱ्यांना १५० एअर मैलांची आणखी वेगळी सवलत आहे. जुन्या इंजिनाची सवलत मात्र ईएलडीची आहे, तासांची नाही, हे जुन्या इंजिनवाल्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

१६. लॉग कोणत्या वेळेत वाचायचा? आमच्याकडे रात्रीचे साडेआठ असतात.

ड्रायव्हरच्या होम टर्मिनलच्या (तो ज्या ठाण्यावरून काम करतो त्याच्या) वेळेत, तो कुठेही असो. शिकागोचा ड्रायव्हर कॅलिफोर्नियात असला तरी लॉग शिकागोच्या वेळेने. आपले साडेआठ म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं बदलतात त्या रात्री शिफ्टचे निम्मे प्रश्न यावरच असतात.

१७. भारतात असं काही आहे का?

तासांची मर्यादा आपल्याकडे जुनी आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. ते मोजणारं यंत्र मात्र ट्रकमध्ये नाही. फास्टॅग, जीपीएस, ई-वे बिल या सगळ्यांना गाडी आणि माल कुठे आहे हे कळतं. ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस अशी मुदतही आहे. स्टिअरिंगवरचा माणूस किती तास जागा आहे, हा रकाना कशातच नाही. युरोपात टॅकोग्राफ आहे. तिथे तास ड्रायव्हरच्या नावाच्या कार्डावर साठतात, म्हणून गाडी बदलली तरी हिशेब सोबत येतो.

१८. कॅनडात शिरलं की काय बदलतं?

बरंच. तिथला ईएलडी नियम १२ जून २०२१ ला आला आणि फेडरल पातळीवर १ जानेवारी २०२३ पासून दंड सुरू झाले. उपकरण त्रयस्थ संस्थेने तपासून प्रमाणित केलेलं लागतं, त्यामुळे अमेरिकेत चालणारा प्रत्येक बॉक्स तिथे चालत नाही. दक्षिण कॅनडात ड्रायव्हिंग १३ तास, काम १४ तास, आणि दोन्ही कामाला लागल्यापासून १६ तासांत. वैयक्तिक वापर दिवसाला ७५ किलोमीटरच.

परतीला जास्त गोंधळ होतो. सीमा ओलांडून अमेरिकेत आल्यावर चाक फिरवण्याआधी ड्रायव्हर अमेरिकेच्या नियमांत बसायला हवा, म्हणजे कॅनडात चालवलेले तासही मोजले जातात. कॅनडात बारा तास कायदेशीर चालवून बफेलोला आलेला ड्रायव्हर पुढे एक मैलही चालवू शकत नाही. त्याला विश्रांती सीमा ओलांडण्याआधी कॅनडातच घ्यायला सांगा, आणि नियमसंच बदलला का हे टॅबलेटवर पाहायला लावा.